पायाखालचे देव: मेक्सिको सिटीतली भटकंती

सोकालो हा मेक्सिको सिटीचा मुख्य चौक. उत्तरेला कॅथेड्रल, पूर्वेला राष्ट्रीय राजवाडा, आणि दोघांच्या मधल्या कोपऱ्यातून पुढे गेलं की फरसबंदी एकदम संपते आणि समोर मोठा खड्डा येतो. खड्ड्यात तांबूस-काळ्या दगडांच्या पायऱ्या, एकीच्या पोटात दुसरी अशा भिंती आणि जबडा वासलेली सापांची दगडी डोकी. हे तेम्प्लो मायोर, अझ्टेकांच्या तेनोच्तित्लान या राजधानीचं मुख्य मंदिर. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी शहर घेतलं, मंदिर पाडलं आणि त्याच दगडांवर नवं शहर चढवलं. त्यानंतर साडेचारशे वर्षं लोक या देवळाच्या डोक्यावरून ये-जा करत होते.

२१ फेब्रुवारी १९७८ च्या पहाटे ग्वातेमाला आणि आर्खेन्तिना या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर वीज कंपनीचे कामगार खोदत होते. त्यांची अवजारं एका कोरीव दगडावर आपटली. माती बाजूला झाली तशी सव्वातीन मीटर व्यासाची, आठ टनांची एक चकती उघडी पडली. तिच्यावर एक स्त्री कोरलेली होती, आणि तिचे तुकडे केलेले होते. त्या एका दगडामुळे पुढे पुरातत्त्वज्ञ एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या नेतृत्वाखाली मोठं उत्खनन झालं, वरच्या जुन्या इमारती हटवल्या गेल्या आणि देऊळ पुन्हा उजेडात आलं.

ही चकती आज शेजारच्या संग्रहालयात आडवी ठेवली आहे आणि वरच्या मजल्याच्या कठड्यावरून तिच्याकडे पाहता येतं. मी बराच वेळ तिथे उभी होते. मुंडकं मागे कलंडलेलं, गालांवर घंटा. हात आणि पाय धडापासून सुटलेले, तुटल्या जागी हाडाचं टोक बाहेर आलेलं. कमरेला सापाचा पट्टा, त्याला मागे कवटी बांधलेली. पोटावर बाळंत झालेल्या बाईच्या असतात तशा घड्या. शिल्पकाराने त्या घड्यासुद्धा सोडल्या नाहीत, हे पाहून अंगावर काटा आला.

ही कोयोल्शाउकी. तिची कथा अशी. कोआत्लिक्वे ही म्हातारी देवी सर्पाच्या डोंगरावर झाडलोट करत होती. आभाळातून पिसांचा एक गोळा पडला. तिने तो उचलून उराशी खोचला आणि तिला दिवस गेले. तिची मुलगी कोयोल्शाउकी आणि चारशे मुलगे यांना ही बदनामी वाटली. त्यांनी आईला मारायचं ठरवलं आणि शस्त्रं घेऊन डोंगर चढले. ते पोचले त्याच क्षणी पोटातला युद्धदेव वित्सिलोपोच्त्ली जन्माला आला, तोही पूर्ण वाढलेला आणि सशस्त्र. त्याने अग्निसर्पाने बहिणीचं शिर उडवलं आणि धड डोंगरावरून लोटून दिलं. ते गडगडत खाली आलं आणि त्याचे तुकडे झाले.

तेम्प्लो मायोर म्हणजे त्या डोंगराचीच उभारणी. माथ्यावर दोन गाभारे होते, एक पर्जन्यदेव त्लालोकचा आणि दुसरा वित्सिलोपोच्त्लीचा. चकती सापडली ती वित्सिलोपोच्त्लीच्या बाजूच्या जिन्याच्या पायथ्याशी. वर बळी दिल्यावर देह जिन्यावरून खाली ढकलला जाई आणि तो येऊन पडे तो या दगडापाशी. कथा नुसती सांगितली जात नव्हती, दर वेळी पुन्हा घडवली जात होती.

नरबळी हा विषय इथे टाळता येत नाही आणि टाळूही नये. आमची गाइड पुरातत्त्वाची विद्यार्थिनी होती. ह्यूस्टनला राहणारी माझी मावसबहीण सोबत होती, तिला स्पॅनिश येतं, त्यामुळे आमचं बोलणं बरं चाललं होतं. बहिणीने विचारलं, "आकडे स्पॅनिशांनी फुगवले असतील ना?" गाइड म्हणाली, "फुगवलेच असतील. जिंकलेल्यांना क्रूर ठरवण्यात त्यांचा फायदा होता. पण कवट्या खऱ्या आहेत, बाई." २०१५ मध्ये जवळच, ग्वातेमाला रस्त्यावरच्या एका जुन्या इमारतीखाली, चुन्यात बसवलेल्या कवट्यांचा मनोरा सापडला. आतापर्यंत सहाशेहून अधिक कवट्या मोजल्या गेल्या आहेत आणि त्यांत बायका आहेत, लहान मुलंही आहेत.

गाइडने मग तेओतिवाकान या प्राचीन नगरीची गोष्ट सांगितली. चार सूर्य होऊन गेले, चार जगं बुडाली. पाचवा सूर्य कोणी व्हायचं म्हणून देव तेओतिवाकानला अंधारात जमले. श्रीमंत, डौलदार तेकुसिस्तेकात्ल पुढे झाला, पण आगीपाशी जाऊन चार वेळा मागे फिरला. अंगभर फोड आलेला गरीब नानावात्सिन डोळे मिटून सरळ आगीत शिरला आणि सूर्य झाला. पण सूर्य उगवला तो जागचा हलेना, तेव्हा उरलेल्या देवांनी स्वतःचं रक्त देऊन त्याला चालवलं. म्हणजे रोजची सकाळ हे देवांचं ऋण, आणि माणसाने ते फेडायचं. हे ऐकून मला बळी पटले असं नाही, पटणं शक्यही नाही. पण ज्यांनी ते दिले ते कशाच्या धाकाने देत होते हे कळलं. सूर्य थांबेल, या धाकाने.

या पाचव्या सूर्याचं नाव आहे नाहुई ओल्लिन, चार-हालचाल. पहिली चार जगं जॅग्वारांनी, वाऱ्याने, अग्नीच्या पावसाने आणि पुराने संपली. हे पाचवं भूकंपाने संपणार आहे. मेक्सिको सिटी तळ्याच्या गाळावर बसलेली असल्यामुळे दूरचा धक्काही इथे कित्येक पटींनी हादरवतो. १९ सप्टेंबर १९८५ ला हजारो माणसं गेली. २०१७ मध्ये त्याच तारखेला पुन्हा मोठा भूकंप झाला, २०२२ मध्ये पुन्हा त्याच तारखेला. गाइड शास्त्र शिकलेली मुलगी, योगायोग कशाला म्हणतात ते तिला ठाऊक आहे. तरी ती म्हणाली की सप्टेंबर आला की तिची आजी दाराशी चपला काढून ठेवते.

दुसऱ्या दिवशी चापुल्तेपेकच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात गेलो. मेशिका दालनात (अझ्टेक स्वतःला मेशिका म्हणवत आणि देशाचं नाव त्यांच्यावरूनच आलं) मधोमध सूर्यशिला आहे. साडेतीन मीटरहून मोठा व्यास, वजन सुमारे चोवीस टन. मधल्या चेहऱ्याभोवती ते चार संपलेले सूर्य चार चौकटींत बसवले आहेत. मेक्सिकोत ही आकृती नाण्यांवर, टी-शर्टांवर, दारूच्या बाटल्यांवर, फुटबॉलच्या जर्सीवर सगळीकडे दिसते. लोक तिच्यासमोर रांगेने फोटो काढत होते.

जवळच कोआत्लिक्वे उभी आहे, तीच पिसांनी गरोदर राहिलेली आई. तिच्यासमोर त्या मानाने गर्दी नव्हती. अडीच मीटरहून उंच. मान छाटलेली, आणि मानेतून रक्ताऐवजी दोन साप उसळून समोरासमोर आलेले, त्यांच्या दोन अर्ध्या तोंडांचा मिळून तिचा चेहरा झालेला. घागरा विणलेल्या सापांचा. गळ्यात माणसांचे पंजे आणि काळजं ओवलेली माळ. पावलांना नख्या. आई म्हणजे फक्त माया, असं कुठेच लिहिलेलं नाही. जन्माला घालते तीच माती पुढे गिळतेही. हा विचार इतक्या उघडपणे दगडात कोरलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

या दोन दगडांचं नशीब बघा. दोन्ही १७९० साली, सोकालो सपाट करताना, काही महिन्यांच्या अंतराने सापडले. सूर्यशिलेत गणित होतं, कालगणना होती. युरोपीय विद्वानांना दाखवण्यासारखी ती वस्तू, म्हणून तिला कॅथेड्रलच्या मनोऱ्याच्या भिंतीत मानाने बसवलं. कोआत्लिक्वे विद्यापीठात नेली, आणि काही दिवसांतच लोक तिच्याकडे फुलं आणि मेणबत्त्या घेऊन यायला लागले. सक्तीच्या धर्मांतराला अडीचशे वर्षं उलटून गेली होती, तरी आले. पाद्री घाबरले. त्यांनी तिला विद्यापीठाच्या आवारातच पुन्हा पुरून टाकलं. १८०३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आणि प्रवासी आलेक्झांडर फॉन हुम्बोल्टला ती बघायची होती, तेव्हा त्याच्यासाठी खोदून काढली आणि त्याचं बघून झाल्यावर परत पुरली.

हे ऐकल्यापासून माझ्या प्रवासाची दिशाच बदलली. देव सापडतो तेव्हा तो कोणाचा होतो, हे मी जागोजागी विचारायला लागले. आणि एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली. सरकारने दगड उचलून नेले आणि लोकांनी आई ठेवून घेतली.

संग्रहालयाच्या दाराशी, रस्त्याला लागूनच, सात मीटर उंचीचा एक प्रचंड दगड उभा आहे. त्याला सगळे त्लालोक म्हणतात. काही अभ्यासक ती जलदेवी चाल्चिउत्लिक्वे असल्याचं मानतात. वजन १६८ टनांच्या घरात. तो मूळचा तेश्कोको शहराजवळच्या कोआत्लिंचान गावचा, तिथे एका ओढ्यात उताणा पडलेला असे. १९६४ मध्ये नव्या संग्रहालयासाठी सरकारने तो न्यायचं ठरवलं. गावकरी अडून बसले, वाहून नेण्यासाठी आणलेल्या यंत्रणेची त्यांनी मोडतोड केली. शेवटी सैन्य बोलवावं लागलं. १६ एप्रिलच्या रात्री दगड शहरात आला तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी होती, आणि पावसाळ्याला अवकाश असताना मुसळधार पाऊस कोसळला. हा पाऊस शहरातले लोक अजून कौतुकाने सांगतात.

कोआत्लिंचानला कौतुक नाही. आम्ही मुद्दाम तिथे गेलो. गावाला त्या वेळी रस्ता, शाळा, दवाखाना यांची आश्वासनं दिली होती. चौकात आता दगडाची प्रतिकृती उभी आहे, २००७ मध्ये बसवलेली. तिच्या सावलीत बसलेल्या एका आजोबांना बहिणीने विचारलं की मूळ दगड आठवतो का. ते म्हणाले, "आठवतो म्हणजे? आम्ही पोरं त्याच्या अंगावर खेळायचो. पाऊस लांबला की मोठी माणसं त्याच्याकडे जायची." मग प्रतिकृतीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही सिमेंटची. हिच्याकडे काय मागणार?" राष्ट्राची ओळख उभी करायला एका गावाचा देव नेला गेला. त्या भव्य संग्रहालयाचं मला मनापासून कौतुक आहे, पण या आजोबांचं म्हणणं मला त्याहून खरं वाटतं.

आता आईकडे येते. शहराच्या उत्तरेला तेपेयाक नावाची टेकडी आहे. स्पॅनिश येण्याआधी इथे तोनान्त्सिनची, म्हणजे आपल्या सर्वांच्या आईची, पूजा होत असे आणि लांबलांबून लोक येत. चर्चची परंपरा सांगते की डिसेंबर १५३१ मध्ये खुआन दिएगो नावाच्या एका स्थानिक माणसाला याच टेकडीवर मेरीमाता दिसली, त्याच्याशी नाहुआत्ल या मेशिकांच्या भाषेत बोलली आणि त्याच्या अंगावरच्या वस्त्रावर तिची प्रतिमा उमटली. सावळी, पायाखाली चंद्रकोर, पाठीमागे सूर्याचे किरण. हीच ग्वादालूपे. बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन पाद्र्याने त्याच शतकात तक्रार लिहून ठेवली आहे की लोक हिला तोनान्त्सिनच म्हणतात आणि पूर्वीसारखेच दुरून येतात. त्याला त्यात सैतानाचा कावा दिसला. मला त्यात माणसांची चिवट माया दिसते.

आजचं मोठं गोल चर्च १९७६ चं आहे. प्रतिमेखाली सरकते पट्टे आहेत, कारण गर्दी इतकी की कोणाला थांबूच देता येत नाही. मी पट्ट्यावरून तीनदा गेले. माझ्यापुढे एक मजूर दिसणारा माणूस होता, कडेवर मुलगी. त्याने तिचं डोकं हाताने वर केलं, प्रतिमेकडे दाखवलं आणि काहीतरी पुटपुटला. पट्टा संपला तसा वळून परत रांगेत लागला. बाहेर आवारात पिसांचे मुकुट घातलेले नाचणारे होते, घोट्यांना बियांचे खुळखुळे, ढोलाचा ठेका, धूपदाणीत कोपाल हा सुगंधी डिंक जळत होता. चर्चच्या दारात अझ्टेक नाच, आणि कोणालाच त्यात काही विसंगत वाटत नव्हतं.

हिच्यामागे लोक लढायलाही उभे राहिले. १८१० मध्ये पाद्री मिगेल इदाल्गोने स्पेनविरुद्ध बंड केलं ते ग्वादालूपेचा झेंडा घेऊन. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात कामगार नेते सेसार चावेस यांच्या शेतमजुरांनी सॅक्रामेंटोपर्यंत पायी मोर्चा काढला तेव्हा पुढे ग्वादालूपे होती आणि तिच्याबरोबर लाल झेंड्यावरचा काळा अझ्टेक गरुड. अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी त्याच दशकात आपल्या चळवळीला आस्त्लानची, मेशिकांच्या दंतकथेतल्या मूळ भूमीची, हाक दिली. पुढे त्यांच्यातल्या स्त्रियांनी, लेखिकांनी आणि चित्रकार बायकांनी, तुकडे झालेल्या कोयोल्शाउकीला आपलं म्हटलं. पाचशे वर्षांपूर्वी पराभवाची खूण म्हणून पायथ्याशी टाकलेली बाई त्यांच्या चित्रांत पुन्हा जोडली जाते. त्या चकतीचा याहून चांगला वारस मला सुचत नाही.

आम्ही गेलो ते दिवस मृतांच्या सणाचे होते. शहरातली कवट्यांच्या मुखवट्यांची भव्य मिरवणूक जुनी परंपरा वाटते, पण ती २०१६ मध्ये सुरू झाली, त्याआधीच्या वर्षी आलेल्या एका हॉलिवूडपटात तशी मिरवणूक दाखवली म्हणून. ती बघायला जायचं तर जा, पण २ नोव्हेंबरची संध्याकाळ शहराच्या आग्नेय टोकाच्या मिस्किक गावासाठी राखून ठेवा. तिथे दफनभूमीत प्रत्येक कुटुंब आपापल्या थडग्यापाशी येतं. थडगं धुतात, त्यावर झेंडूच्या पाकळ्यांची नक्षी घालतात, मेणबत्त्या आणि कोपाल लावतात, मेलेल्याच्या आवडीचं खाणं मांडतात आणि रात्रभर बसतात. या सणात कॅथलिक किती आणि मेशिका किती यावर इतिहासकारांचं एकमत नाही, मृतांसाठीचा कॅथलिक ऑल सोल्स डे तर उघडच आहे. पण मेलेला माणूस चार वर्षं चालत मिक्त्लान या पाताळाच्या नवव्या थरापर्यंत पोचतो आणि वाटेतली नदी कुत्रा त्याला पार करून देतो, ही मेशिकांची समजूत तिथल्या बोलण्यात जिवंत आहे. आमच्या शेजारच्या थडग्यावर बिनकेसांच्या शोलो कुत्र्याची मातीची मूर्ती ठेवली होती. मी विचारलं तेव्हा घरातली बाई म्हणाली, "आमच्या वडिलांना पाण्याची भीती वाटायची."

त्या सगळ्या झेंडूंमध्ये बसून मला दसरा आठवणं साहजिक होतं. झेंडू मूळचा इथलाच. पोर्तुगीजांबरोबर तो आपल्याकडे आला असं मानतात, आणि मका, मिरची, टोमॅटोही याच खंडातून आले. बहिणीने दोन पाकळ्या उचलून वहीत ठेवल्या.

शेवटी मिल्पा आल्ताबद्दल. हा मेक्सिको सिटीचाच दक्षिणेकडचा भाग, पण इथे डोंगरउतारावर नोपाल निवडुंगाची शेती आहे आणि अजून नाहुआत्ल बोलणारी घरं आहेत. नोपालाची कथा तर देशाच्या झेंड्यावरच आहे. वित्सिलोपोच्त्लीविरुद्ध उठलेल्या कोपिलचं काळीज तळ्यात फेकलं गेलं, त्यातून निवडुंग उगवला, त्यावर गरुड बसलेला दिसेल तिथे शहर वसवा असा देवाचा आदेश. ते शहर तेनोच्तित्लान, परंपरेने साल १३२५.

बाजारात एक बाई नोपालाची पानं सोलत होती. पान डाव्या हातात आडवं धरायचं, सुरी जवळजवळ सपाट ठेवून काट्यांचे डोळे खरवडायचे, मग कडा गोल फिरवून कापायच्या. बोलताना ती हाताकडे बघतही नव्हती. मी पन्नास पेसोंची नोट दिली. नोटेच्या एका बाजूला जुन्या शिल्पातला निवडुंगावरचा गरुड आहे आणि दुसऱ्या बाजूला शोचिमिल्कोच्या कालव्यातला आखोलोते, म्हणजे पाण्यात राहणारा एक सॅलमँडर. शोलोत्ल देव बळी जाण्याच्या भीतीने पळाला आणि शेवटी पाण्यात शिरून हा जलचर झाला, असं सांगतात.

नोपालवाली बाई शेजारणीशी नाहुआत्लमध्ये बोलत होती. बहिणीने विचारलं, मुलांना येतं का? "समजतं. बोलत नाहीत," ती म्हणाली. "मी शाळेत ही भाषा बोलले की हातावर पट्टी बसायची. मग मी घरी मुलांशी स्पॅनिशच बोलले." देशात आज साडेसोळा लाखांच्या आसपास लोक नाहुआत्ल बोलतात. नोटेवर गरुड, झेंड्यावर गरुड, आणि ज्या भाषेत ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली गेली ती बोलल्याबद्दल पोरांना मार. मेलेल्या मेशिकांचा अभिमान बाळगणं सोपं असतं, ते काही मागत नाहीत. जिवंत माणसं शाळा मागतात, पाणी मागतात, न्यायालयात दुभाष्या मागतात. मेक्सिकोवर माझं प्रेम जडलं आहे, म्हणूनच हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

जाणार असाल तर दोन-तीन गोष्टी. तेम्प्लो मायोर आणि मानववंशशास्त्र संग्रहालय दोन्ही सोमवारी बंद असतात. मेट्रोने फिरा, आणि पिनो सुआरेस स्थानकात गाडी बदलताना थांबा. मेट्रो खोदताना १९६७ मध्ये सापडलेलं वायुदेव एएकात्लचं गोल छोटं देऊळ तिथे येण्याजाण्याच्या वाटेतच आहे, तिकीट वेगळं लागत नाही. आणि कोआत्लिंचानला जाच. पूर्वेच्या तापो बसस्थानकावरून तेश्कोकोची बस मिळते, तिथून गाव जवळ आहे. चौकातल्या प्रतिकृतीपाशी कोणी वयस्कर भेटलं तर मूळ दगडाविषयी विचारा. सांगायला त्यांच्याकडे बरंच आहे आणि विचारणारे फार कमी येतात.